गळती नव्हे

दि. २२/८/२००३

मी, खैरुनबी अमीन शिकलगार, वय ४१, धंदा – उद्यमनगरात फॅब्रिकेशन वर्कशॉप, रा. राजारामपुरी, कोल्हापूर. फसवणुकीच्या तक्रारीवरून बोलावलेने ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझे पती मयत असून वर्कशॉप मी चालवते. नदीच्या पाण्यातली रेती वेगळी करणारा लोखंडी शंकू मी बनवला आहे. पाणी वरून कडेने जोरात शिरते आणि आत गरगर फिरते. रेती कडेला फेकली जाऊन थोड्या पाण्याबरोबर खालच्या तोंडातून बाहेर पडते, स्वच्छ पाणी मधल्या नळीतून वर जाते. खालच्या तोंडाचे माप जमेपर्यंत तेरा शंकू भंगारात गेले. हा चौदावा.

काल दि. २१ रोजी सकाळी १० वाजता बिद्रीजवळच्या एका वाडीत नळपाणी योजनेच्या पंपावर चाचणी होती. शंकू जोडून मी एक बाटली भरून पाहिली, ती स्वच्छ होती. मग सरपंच बाळासो यांना बोलवायला चावडीत गेले. पाऊण तासाने सर्वांसमक्ष दुसरी बाटली भरली. तिच्या तळाशी बोटभर रेती बसली. सरपंच म्हणाले, "भाभी, गावाला येड्यात काढताय व्हय?" लोक हसले. त्यांनी फसवणुकीची तक्रार देऊन शंकू काढून ठाण्यात जमा केला. मला शंकू उघडून पाहू दिला नाही, त्याचा राग अजून आहे.

आज सकाळी ठाण्यात तुमच्यासमोर शंकू उलटा केला असता खालच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली खुंटी ठोकलेली मिळाली. गावात पाणी सोडणारे आकाराम सरपंचांबरोबर आले होते, ते तिथेच उभे होते. ते म्हणाले, "मीच मारली की. खालनं पाणी गळत हुतं. उन्हाळ्यात बायका कळशीसाठी भांडत्यात, मी बघत कसा बसू?"

खालची वाट बंद झाल्याने रेती वर गेली. आकाराम यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी पाणी वाचवले. तोंडाजवळ रंगाने दोन अक्षरे लिहायला हवी होती, ती चूक माझी आहे.

शंकू आजच परत मिळावा. उद्या सकाळी १० वाजता त्याच पंपावर, त्याच लोकांसमोर मी पुन्हा बाटली भरणार आहे. खालच्या तोंडापाशी राखणीला आकाराम यांनाच उभे करणार आहे. खुंटी तुमच्याकडे राहिली तरी चालेल.

हवालदार पिराजी यांनी हे सर्व मला वाचून दाखवले. त्यात दोन ठिकाणी "गळका शंकू" असे लिहिले होते. ते खोडून "खाली तोंड असलेला शंकू" असे करून घेतले व दोन्ही खाडाखोडींजवळ सही केली. आता जबाब बरोबर आहे.