दुखणारे वगळून

धुळ्याहून जळगावला निघालेल्या एसटीत लीलाबाई ठणकणारा गुडघा चोळत बसल्या होत्या. मागच्या बाकावर धुळ्याच्या मेडिकल कॉलेजचे दोन विद्यार्थी आपल्या संशोधनावर वाद घालत होते.

“राकेश, आपल्या दवाखान्यातल्या नव्या गोळीनं निम्म्या लोकांचे गुडघे दुखायचे थांबलेच नाहीत. निष्कर्ष बदलावा लागेल.”

“निष्कर्ष कशाला? पेशंट बदलू.”

“म्हणजे?”

“अजून दुखतंय म्हणणारे वगळू. विचार लवचिक ठेवा, असं सरच म्हणतात ना?”

“अरे, गोळी का लागू पडत नाही ते शोधू या!”

“सोनल, तुला शोध लावायचाय की पास व्हायचंय?”

लीलाबाई मागे वळल्या. “भाऊ, तुमना दवाखानामाईन मी बी तीच गोयी लेस. गुडघा तर आजबी दुखस.”

“मग आजी, तुम्ही आमच्या अभ्यासात नाही.”

“मंग मना गुडघा कोना अभ्यासमा शे?”