घड्याळाचे ठोके

फोटोग्राफर कॅमेऱ्याची काच पुसत असला तरी त्याचे कान बाकाकडेच होते. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ यांची चांगलीच जुंपली होती.

“ताई, एवढासा जिना चढताना तीनदा बसलीस. आणि म्हणे लंडन!”

“चढले ना शेवटी?”

“तीस वर्षं पोरांना लंडनच शिकवलंस. तो पूल, तो राजवाडा, ते मोठं घड्याळ. अजून हौस फिटली नाही?”

“चित्रं दाखवून शिकवलं रे. एकदा एका मुलीनं विचारलं, बाई, त्या घड्याळाचे ठोके तुम्ही ऐकलेत?”

“मग?”

“हो म्हटलं. वर टण् टण् करून दाखवले.”

“अगं, ती आता दोन पोरांची आई झाली असेल. कधीच विसरली असेल.”

“मी नाही विसरले. खोटं बोलणाऱ्याला मी बाकावर उभं करायची.”

“त्यासाठी एवढ्या लांब? लोक हसतील.”

“खुशाल हसू देत. ठोके ऐकूनच येणार.”

फोटोग्राफरनं बाईंना स्टुलावर बसवलं.

“बाई, हनुवटी जरा खाली घ्या.”

“ती आता खाली यायची नाही. अशीच काढा.”