धाकट्याची बडबड

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा, मे महिना, आणि तुम्हाला सांगतो, त्या उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या नातीनं मला नापास केलं. ती संगणकाला आपली भाषा शिकवते. पगार मिळतो त्याचा. आम्ही चार पोरांना बोलायला शिकवलं, कुणी विचारलं नाही, पण जाऊ द्या. तर तिला म्हाताऱ्या माणसांचं घरगुती बोलणं टिपायचं होतं. मला खुर्चीत बसवलं, पुढ्यात माइक. "आजोबा, कारखान्यातलं काहीतरी सांगा." मी सांगितलं, "लेथ चालवला. निवृत्त झालो." ती वाट बघतेय... मी पण बघतोय. झालं की सांगून! तर म्हणते, "यंत्राला एवढंसं पुरत नाही हो." आणि बोलावलं कुणाला? माझ्या धाकट्या भावाला.

मी काही बोललो नाही.

हा धाकटा म्हणजे कापडदुकानात जन्म गेलेला, रुमाल मागणाऱ्याला त्याच्या सासुरवाडीची चौकशी करून सोडणारा. अख्खं घर त्याला आयुष्यभर गप्प बस म्हणत आलं, आणि आता नात त्याच्यासाठी पंखा बंद करते, दाराच्या फटीला चादर लावते, "वा, असंच बोला," म्हणते, आणि मी बाहेर बसून कपबशी न वाजवता चहा प्यायचा, माझ्याच घरात?

मी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणते, "आजोबा, त्यांच्यासमोर बसा. ऐकणारं कुणी असलं की ते खुलतात." बसलो. धाकटा हसतोय. "दादा, हूं तरी म्हण." हूं म्हणालो.

बोलता बोलता हा त्याच्या वहिनीच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या शेवटच्या दुखण्यावर आला. दवाखान्यात मला शब्द सुचायचे नाहीत, मी नुसते पाय दाबायचो, आणि हा रोज दुकान सुटलं की येऊन तिला हसवायचा. शेवटपर्यंत. मला तेव्हाही ते बघवायचं नाही. ती माझ्याकडे बघून कधी तशी हसली? आणि तेच सांगताना धाकटा थांबला. तोंड उघडं, आवाज नाही. जन्मात पहिल्यांदा. नातीचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे चालू," म्हणालो, आणि मी बोलायला लागलो. लेथ, फोरमन, बायकोनं दिलेला डबा, तिचं रुसणं, सुचेल ते, धाकट्याचे डोळे पुसून होईपर्यंत.

मग तो मला मध्येच तोडून पुन्हा सुरू झाला. असो. माझ्याकडचं त्याचं देणं फिटलं.