हललेली पिसू

फोटो छापणाऱ्याच्या दुकानात रांग खोळंबली होती आणि मागे उभा असलेला शिंपी मनातल्या मनात शिव्या मोजत होता. प्रदर्शनासाठी कोणता फोटो छापायचा, हे पुढच्या म्हाताऱ्या नवराबायकोचं काही केल्या ठरत नव्हतं.

"हा पहिला बघ. तळ्यातली पिसू, पण काय स्वच्छ आलीये. तिचं काळीजसुद्धा दिसतंय."

"दिसणारच. मायक्रोस्कोपच्या दिव्यानं थेंब सुकत आलेला, बिचारीला हलायला पाणी कुठं होतं?"

"म्हणून तू मध्येच पाणी सोडलंस, आणि दुसऱ्या फोटोत ती हलली."

"सोडलं. ती तडफडत होती आणि तुम्ही डोळा लावून बसला होतात."

"अगं, डोळ्याला धड न दिसणारा जीव तो."

"तुम्हाला तर दिसत होता ना?"

म्हाताऱ्यानं पहिला फोटो बाजूला सारला. दुकानदारानं विचारलं, "काका, कोणता छापू?"

"हललेला. मोठा छाप."

"अहो, प्रदर्शनवाले घेणार नाहीत हा," म्हातारी म्हणाली.

"गेले उडत. बाहेरच्या खोलीत लावू."

"आणि वन्संनी विचारलं, हे काय म्हणून?"

"तूच सांग काय ते."

"सांगेन, तुमच्या भावाच्या तावडीतून सुटलेली ही एकटीच."