सतरा नंबर सोल्यूशनचा वर्ग

विषय : सोल्यूशन क्रमांक सतरा या मिश्रणाचा, वारंवार संपर्काने शरीराच्या अवयवांना होणाऱ्या अपायाच्या दृष्टीने, वर्ग ठरवणेबाबत.

संदर्भ : माझ्या मेहुण्याचे दोन पाय.

...हे असंच्या असं लिहून दिलं होतं हो मी. परत आलं. शेरा काय, तर 'संदर्भास आवक क्रमांक नाही.' आता तुम्हीच सांगा, पायांना आवक क्रमांक कुठून आणायचा? एकतीस वर्षं मी त्याच कचेरीत आवक-जावक सांभाळलं, नोंद झाल्याशिवाय टाचणी आत येऊ दिली नाही, पण मेहुणा जन्माला येतानाच दोन्ही पाय बिननोंदीचे घेऊन आला त्याला मी काय करणार... असो. लेखी सांगून झालं, आता तोंडी सांगतो. बसा.

तर आमचा कारखाना सोल्यूशनचा. बुटाचा सोल ज्यानं चिकटवतात ते सोल्यूशन. पिवळट, दाट, आणि वास असा की पहिल्या दिवशी डोकं उठतं, दुसऱ्या दिवशी जरा कमी उठतं आणि तिसऱ्या दिवशी वाटतं, गेला बुवा वास. वास नसतो गेलेला, नाक गेलेलं असतं. नोकरीची शेवटची सहा वर्षं मला वर्गीकरण विभागात टाकलं. विभाग म्हणजे काय, जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक कपाट, जे उघडलं की खोलीचं दार उघडत नसे, आणि एक बाई.

बाई रसायनशास्त्र शिकलेल्या. आम्ही जी मिश्रणं बनवतो ती माणसाच्या कुठल्या अवयवाला काय करतात ते ठरवायचं आणि डब्यावर छापायला द्यायचं, हे त्यांचं काम. चुकून प्यायलं तर काय, डोळ्यांत उडालं तर काय, ते खातं वेगळं. आमच्याकडे फक्त रोजचं. रोज थोडं थोडं, महिनोन् महिने, गुपचूप... लिव्हर, किडनी, नसा. त्यामुळे बाईंच्या तोंडी एकच प्रश्न. साहेब म्हणायचे, 'अहो मी स्वतः डब्यात नाक घालून वास घेतलाय, काय झालं मला?' बाई म्हणायच्या, 'एकदाचं सोडा साहेब. रोज किती?' चहावाला विचारायचा, साखर घालू का, तर 'रोज किती घालतोस?' मी म्हणालो, बाई, आज डोकं दुखतंय, तर 'रोज किती दुखतं?' अख्ख्या कारखान्यात त्यांचं नाव रोज-किती बाई पडलं, आणि लपवत नाही, ते मीच पाडलं.

आता नियम. घाबरू नका, सोपा आहे, मला कळला म्हणजे बघा. ज्या मिश्रणाची स्वतःची तपासणी झालेली नाही त्याचे घटक बघायचे. एखादा घटक पहिल्या वर्गातला असला, म्हणजे रोजच्या संपर्कानं माणसाला इजा करतो हे सिद्धच झालेला असला, आणि तो मिश्रणात दहा टक्के किंवा त्याहून जास्त असला, की अख्खं मिश्रण पहिल्या वर्गात. एक टक्का ते दहाच्या आत असला, तर दुसऱ्या. शाळेत पहिला आला की पेढे वाटतात, आमच्याकडे पहिला आला की साहेबांचं तोंड कडू. कारण पहिला वर्ग म्हणजे डब्यावर 'इजा होते' असं छापायचं, आणि आमच्या कारखान्याच्या शिरस्त्याप्रमाणे पंखे बसवायचे, हातमोजे द्यायचे, माणसं आलटूनपालटून बसवायची. दुसरा वर्ग म्हणजे 'इजा होण्याची शक्यता'. शक्यता काय हो, कशाचीही असते.

सतरा नंबरमध्ये असा एक घटक होता, सोल्यूशन पातळ ठेवणारा, नसांचा वैरी. किती? कागदावर साडेआठ टक्के. मी तक्ता भरला, समास सोडून, एकही खाडाखोड न करता, दुसरा वर्ग असं लिहून फाइल बाईंच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत. शेरा : 'डब्यातलं की कागदावरचं?' मी लिहिलं, 'कागदावरचं. डबा फाइलीत मावत नाही.' परत आली. चार वेळा आली. घरी जाऊन मी बायकोपुढे हात आपटले. म्हटलं, ही बाई मला सुखानं रिटायर होऊ देणार नाही. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, 'अहो, पण डब्यात किती आहे ते बघून यायला तुमचं काय जातं?' घरातसुद्धा तोच प्रश्न. रोज किती सोसायचं माणसानं?

आणि डब्यापाशी बसलेला कोण, तर माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. मीच लावलेला नोकरीला. चाचणीच्या टेबलावर दिवसभर सोल चिकटवायचे आणि मग ओढून बघायचे, किती जोरानं निघतात ते. त्या खोलीच्या खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं धूळ आली की सोल्यूशन खराब होतं. सोल्यूशनची काळजी घ्यायला आमच्याकडे कुणी कमी नव्हतं.

हा मेहुणा दर रविवारी आमच्याकडे जेवायला. एका रविवारी आला तो एकाच पायात चप्पल. बायको म्हणाली, 'अरे, दुसरी कुठंय?' तो खाली बघून म्हणाला, 'अरेच्चा.' रस्त्यात कुठंतरी पायातून निसटली आणि ह्या महाशयांना पत्ता नाही. बायको म्हणाली, 'लग्न कर म्हणते तर करत नाही आणि चपला टाकत फिरतोय.' मी कशाला मागे राहतोय, म्हणालो, 'जन्मभर बुटाला सोल चिकटवतोस, स्वतःची चप्पल तेवढी पायाला चिकटवता येत नाही तुला.' सगळे हसलो. तोही हसला. पुढच्या महिन्यात दुसरी गेली, हसलो. तिसरी गेली तेव्हा मी जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसलो. तुम्हाला सांगतो, माणसाला आपलं हसणं आयुष्यात क्वचितच ऐकू येतं. मला ते अजून येतं.

तर पाचव्यांदा फाइल नेली तेव्हा बाईंनी शेरा मारला नाही, विचारलं. 'भाऊसाहेब, डबा दिवसभर उघडा असतो. मग दुपारी चारलासुद्धा सोल्यूशन सकाळइतकंच पातळ कसं?'

मी म्हणालो, 'पाजतात ना.'

'म्हणजे?'

आता ह्यांना एवढंही माहीत नाही म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. म्हटलं, बाई, घट्ट व्हायला लागलं की किटलीतून पातळ करायचं द्रव्य ओततात, अंदाजानं. त्याला डबा पाजणं म्हणतात. सगळेच पाजतात, आणि माझ्या मेहुण्याचा हात त्यात असा बसलाय की त्याच्या डब्यावर कधी साय धरत नाही. आणि बेकायदा नाही हो, परिपत्रक आहे तसं... असं म्हणून मी कपाट उघडलं, दार बंद झालं, आणि अर्ध्या मिनिटात चौदा वर्षांपूर्वीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. 'सोल्यूशन घट्ट झाल्यास फेकून न देता पातळ करून वापरावे.' हेच वाक्य आम्ही डब्यावरही छापत होतो.

बाईंनी ते दोनदा वाचलं. 'किटलीत काय असतं?'

'तेच. साडेआठवालं. किटलीत दुसरं काही नसतंच.'

'आणि हे परिपत्रक कोणी काढलं?'

'सही साहेबांची,' मी कॉलर नीट करत म्हणालो, 'पण मसुदा माझा.'

बाई कागद घेऊन उठल्या, कपाट लोटलं, दार उघडलं आणि थेट चाचणीच्या खोलीत. मी मागे. मेहुणा किटली घेऊनच उभा. बाईंनी विचारलं, 'रोज किती?' तो आपला खुशीत, 'सहा-सात वेळा पाजतो बाई, कमी पडू देत नाही.' बाई खाली बघत होत्या. त्याचा उजवा पाय फरशीवर, अनवाणी, आणि चप्पल हातभर लांब पडलेली.

'तुमची चप्पल?'

'अरेच्चा.'

त्या वेळी मला हसू आलं नाही.

चार वाजता बाईंनी डब्यातून नमुना घेतला. चौदा टक्के. उडून जायचं ते बाकीचं, आणि वरून ओतायचे ते नेमकं हेच. कागदावर साडेआठ, डब्यात चौदा, आणि मधला फरक माझ्या अक्षरात.

डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. डॉक्टरांनी एक लोखंडी काटा टेबलावर आपटला, तो थरथरायला लागला, आणि मेहुण्याच्या अंगठ्याला लावला. 'कळतंय?' मेहुणा म्हणाला, 'लावा ना.' डॉक्टर म्हणाले, 'लावलाय.' मग घोट्याला, मग गुडघ्याला... गुडघ्याला कळलं. डॉक्टर म्हणाले, ह्याला औषध नाही, आजपासून त्या खोलीत जायचं नाही हेच औषध. नसा परत येतात, पण फार सावकाश, आणि येतीलच असं लिहून देत नाही. बायकोला सांगताना मी परिपत्रकाचं सांगितलं नाही. रात्रभर टिकलं ते. सकाळी सांगितलं. ती म्हणाली, 'त्या बाईंची साथ सोडू नका आता.'

इकडे साहेबांचं सुरू. 'बाई, आपण विकतो ते साडेआठ टक्केच ना? पुढे कोणी काय ओततो त्याला आपण काय करणार?' बाई म्हणाल्या, 'ओता असं आपणच डब्यावर छापलंय.' 'छपाईची चूक म्हणू.' 'चौदा वर्षं? रोज किती डबे?' साहेब घाम पुसायला लागले. बाईंची सही नाही म्हणून माल गेटवर अडकला. एक दिवस नाही, नऊ दिवस. ट्रकवाले फाटकाबाहेर पत्ते कुटत बसलेले, मुख्य कचेरीचे फोनवर फोन, आणि बाई जिन्याखालच्या खोलीत जेवणाचा डबा उघडून पोळी खातायत. मी विचारलं, 'बाई, भीती नाही वाटत?' म्हणाल्या, 'वाटते ना. रोज.' दहाव्या दिवशी पहिला वर्ग छापला गेला. खिडक्या उघडल्या, पंखे लागले, किटल्या जप्त झाल्या, ते वाक्य डब्यावरून गेलं. मेहुणा पुठ्ठ्यांच्या गोदामात. आणि बाईंची बदली झाली. 'प्रशासकीय सोयीसाठी.' निरोपाला चहासुद्धा नाही. मी त्यांची खुर्ची फाटकापर्यंत उचलून नेली... खुर्ची कचेरीची निघाली, परत आणावी लागली. त्या गडबडीत आभार मानायचे राहूनच गेले.

पुढे मी रिटायर झालो. रविवार येत राहिले. सोळा महिन्यांनी, दारात चप्पल काढताना, दोन्ही चपला हो, मेहुणा एकदम थांबला. म्हणाला, 'भाऊजी, काहीतरी टोचलं.' बायको धावत आली. खडा. एवढासा. ती त्याला म्हणाली, 'परत टेक पाय.' तो म्हणाला, 'अगं दुखतंय.' 'टेक म्हणते ना.' त्यानं टेकला, ओरडला, आणि ही माझी बायको, जिनं उभ्या जन्मात माझं कौतुक केलं नाही, खाली बसून भावाच्या तळपायावरून हात फिरवत बसली. मी आत गेलो, कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. विषय सतरा नंबरच्या वर्गाचाच टाकला, म्हणजे अर्ज त्याच फाइलीत लागतो, आणि खाली मागितलं एवढंच, की बाईंच्या सेवापुस्तकात माझे आभार नोंदवून घ्यावेत.

अर्ज द्यायला गेलो तर माझ्याच खुर्चीवर बसलेला नवा कारकून विचारतो, 'काका, तक्रार आहे का?' नाही. 'मागणी?' नाही. 'मग अर्ज कशाला?' म्हटलं, आभार. त्यानं रजिस्टर वरपासून खालपर्यंत चाळलं. तक्रार आहे, विनंती आहे, हरकत आहे, आभाराचा रकानाच नाही. शेवटी 'इतर'मध्ये टाकला. मग तो परत आला, ते पायांच्या आवक क्रमांकासाठी. मी डॉक्टरांचा कागद जोडला. मग कायदा विभाग म्हणाला, अपाय टाळल्याबद्दल आभार नोंदवले तर अपाय होत होता असं कबूल केल्यासारखं होईल, तरी आभार मोघम मानता येतील का? मी लिहिलं, नाही. पाय मोघम नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाईंना फोन करून सांगायचं की सरळ. केला. आवाज ओळखला त्यांनी. मी एवढं पाठ केलेलं, त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी म्हणालो, 'बाई, ते परिपत्रक...' त्या म्हणाल्या, 'तो कागद तुम्ही काढून दिला नसता तर मी काय करणार होते भाऊसाहेब? पाय कसे आहेत? चालतात का?' म्हटलं, चालतात. 'रोज किती?' म्हटलं, बाई, दोन मैल.

मग त्या म्हणाल्या, 'आभार पोचले. पण अर्ज मागे घेऊ नका.' का? तर नवे साहेब म्हणतायत, आता कोणी पाजत नाही, सतरा नंबर परत दुसऱ्या वर्गात टाका, पंखे बंद करा. पण त्यासाठी जुनी फाइल बंद करावी लागते, आणि जिच्यात एकही अर्ज निकाली निघायचा बाकी आहे ती फाइल बंद करता येत नाही. तो नियम माझा नाही, पण मी तो एकतीस वर्षं पाळलाय. चाचणीच्या टेबलावर आता दुसरा माणूस बसतो. मी त्याला ओळखत नाही. फाटकाशी उभा राहून एकदा बघून आलो, दोन्ही पायांत चपला होत्या.

गेल्या महिन्यात पत्र आलं, अर्ज मंजूर करण्याचा विचार आहे. मंजूर म्हणजे निकाली, आणि निकाली म्हणजे फाइल बंद. त्याच दिवशी जाऊन माझ्याच अर्जाच्या मंजुरीला मी हरकत घेतली. कारण लिहिलं, आभार अपुरे वाटतात, फेरविचार व्हावा. कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, 'काका, असं केलंत तर तुमच्या हयातीत निकाल लागायचा नाही.' म्हटलं, चालेल.

अर्ज प्रलंबित आहे.