कागद संध्याकाळपर्यंत पोचतो

दवाखान्यात माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बहीणभाऊ बसले होते. दोघंही पन्नाशीच्या पुढचे.

“पाय हलवू नकोस. आख्खा बाक हलतोय.”

“ताई, माझी नोकरी जाणार बहुतेक.”

“काय केलंस?”

“सही. एका कंपनीने रोखे काढून लोकांकडून कर्ज घेतलंय. त्या लोकांच्या वतीने आम्ही विश्वस्त. आता ती कंपनी दुसरीत विलीन व्हायची होती. नव्या कंपनीने ‘हे कर्ज आमचं’ असं लिहून दिल्याशिवाय आम्ही त्याला होकार द्यायचा नाही. एवढंच तर आमचं काम.”

“मग?”

“त्यांचा वकील म्हणाला, कागद संध्याकाळपर्यंत पोचतो, तुम्ही होकारावर सही करून ठेवा. मी केली.”

“कागद न बघता?”

“दहा वर्षांची ओळख गं.”

“आणि कागद?”

“आज नववा दिवस. आता तो फोनही उचलत नाही.”

“नव्या कंपनीने कानांवर हात ठेवले तर?”

“तर लोक आमच्याच दारात येणार.”

“कोण लोक?”

“कुणास ठाऊक. चार हजार नावांची यादी असते, ती कोण वाचत बसतंय?”

“कंपनी कुठली?”

“ती सिमेंटवाली.”

बाक हलायचा थांबला.

“ताई?”

“माझं नाव असेल बघ त्या यादीत. निवृत्तीचे सगळे पैसे तिथेच घातलेत.”

“अगं, मला विचारायचंस तरी.”

“तुला काय विचारायचं? अर्जावर खाली विश्वस्त म्हणून तुमच्याच ऑफिसचं नाव होतं. ते बघूनच रोखे घेतले.”