कोमट दुधातलं पाणी

(शिरूर. दूध तपासायची मशीन बनवणारं छोटं वर्कशॉप. मालक भारत, प्रोग्राम लिहिणारी राजश्री आणि न्हावऱ्याहून एसटीनं आलेल्या सोजरबाई.)

सोजरबाई : तुमचं मशीन फॅट बी चांगली म्हणतंय आन् पाणी बी घातलंय म्हणतंय! एकाच दुधात? डेअरीत सगळ्या बायांसमोर किटली परत दिली. पाणीवाली म्हणत्यात मला आता.

भारत : मावशी, बसा आधी. मशीन काही खोटं बोलत नाही.

सोजरबाई : मग मी बोलती व्हय?

राजश्री : मावशी, धार काढल्यावर किती वेळानं दूध नेता?

सोजरबाई : वेळ कसला? गोठा डेअरीला लागूनच हाय. कोमटच असतंय.

राजश्री : आणि बाकीच्यांचं?

सोजरबाई : वस्तीवरनं येत्यात गाडीवर. गार होऊन जातंय.

राजश्री : भारतदादा, मशीनमध्ये सेन्सरचा नवा बोर्ड लावल्यापासून पाण्याचा आकडा कुठून वाचतोय आपण?

भारत : प्रोग्राममधल्या तुझ्याच फंक्शनमधून की.

राजश्री : फॅट वाचतोय. पाणी नाही. ही बघा, प्रोग्राममध्ये तुम्ही घातलेली ओळ. थेट चिपमधल्या जागेला हात घातलाय. जुन्या बोर्डवर तिथं पाणी होतं. नव्यावर तिथं दुधाचं तापमान येतंय! गार दूध मर्यादेत बसतं, कोमट आलं की आकडा वर जातो आणि मशीन म्हणतं पाणी! म्हणजे ताजं दूध आणणारी प्रत्येक बाई चोर!

भारत : अगं, प्रदर्शनाची गडबड होती. स्क्रीन अडकत होती, म्हणून तेवढ्यापुरती...

राजश्री : तेवढ्यापुरती! घसा कोरडा केला मी. सेन्सरशी बोलायचं ते वाचायच्या आणि लिहायच्या त्या दोन फंक्शनमधूनच. बोर्ड बदलला की ती दोनच बदलायची, बाकी प्रोग्रामला पत्ताही लागायला नको. मी बदलली ती. तुमची ही चोरवाट मला माहीतच नाही, तर बदलू काय?

सोजरबाई : म्हंजी सोयरीक जमवताना बोलणी एकानंच करायची, तसं?

राजश्री : अगदी तसं. आणि हे मागच्या दारानं जाऊन परस्पर बोलून आले.

सोजरबाई : मोडत्यात की लग्नं अशानं.

भारत : बरं बाई, चुकलं. राजश्री, ओळ काढ. आजच जाऊन नवा प्रोग्राम टाकतो. सर्व्हिसिंगला आलो म्हणून सांगू. बोभाटा नको.

सोजरबाई : बोभाटा नगं? माझा झाला तवा कुठं हुता तुमी?

भारत : मावशी, समजून घ्या. बाकीच्या डेअऱ्या मशीन परत पाठवतील.

राजश्री : पाठवू देत! मशीन गुपचूप नीट होईल, दादा. ह्यांचं नाव गुपचूप कसं नीट होणार? मी येते मावशी, मी सांगते सगळ्यांना.

सोजरबाई : तू नगं, पोरी. ज्यानं ओळ घातली त्यानं सांगावं. बाया असताना.

राजश्री : दादा?

भारत : ...संध्याकाळची रांग कधी लागते, मावशी?